पोरींचं रजिस्टर

"माझ्या हाताखाली माझ्या परवानगीशिवाय एकही पेशी मरत नाही," असं मी सोमवारी सकाळी अकरा वाजता लॅबच्या मीटिंगमध्ये हाताची घडी घालून सांगितलं. मंगळवारी सकाळी दहा वाजता चोवीसच्या चोवीस डिश मेल्या होत्या.

मी धम्मदीप ओव्हाळ. गेली सहा वर्षं पीएचडी करतोय. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढचं सगळं वाचल्यावर ती संस्थाही माझं नाव सांगणार नाही. काम असं की माणसाच्या किडनीच्या पेशी काचेच्या छोट्या डिशमध्ये, अंगाइतक्या उबेत वाढवायच्या. त्यांना एका औषधाचा मोजून डोस द्यायचा, म्हणजे त्या जखमी होतात. मग औषध काढून घ्यायचं आणि त्या कशा सावरतात, त्यांची कुठली जनुकं जागी होतात नि कुठली झोपतात, ते दिवसादिवसाला मोजायचं. थोडक्यात, आधी मारायचं आणि मग "कसं वाटतंय?" विचारायचं.

चोवीस डिश मेल्या त्या दोडक्यामुळे.

त्याचं झालं असं. माझ्या बाबांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. आईने जाहीर केलं की एका घरात दोन भाज्या होणार नाहीत. त्यामुळे दोन महिने आम्ही तिघंही बिनमिठाचं खात होतो आणि माझ्या डब्यातही तेच. बिनमिठाचा दोडका गरम असेपर्यंत तरी दोडका असतो, थंड झाला की तो कोणीच नसतो. कँटीनच्या मायक्रोवेव्हला ही रांग. म्हणून सोमवारी दुपारी मी डबा लॅबच्या गरम पाण्याच्या टबात ठेवला आणि तापमान सदतीसवरून पासष्ट केलं. त्या टबावर "यात अन्न गरम करू नये. समजा केलंच, तर खाऊ नये" अशी पाटी आहे. ती मीच लावली आहे.

डबा काढला. तापमान खाली आणायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशींचं जेवण, म्हणजे ते गुलाबी पाणी, त्याच टबात उबवलं आणि चोवीस डिशमध्ये वाढलं. हातात दोन-दोन हातमोजे होते म्हणून बाटली गरम लागली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की कानाला फोन होता आणि फोनवर आई होती. ती सांगत होती की बाबा काल रात्री जेवले नाहीत आणि सकाळीही भिंतीकडे तोंड करून पडलेत.

सोनाली माझ्याच बाकावर काम करते. तिने मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, डोळा बाजूला घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"परवानगी दिली होतीस का?" तिने विचारलं.

*

बाबांचं सांगायला हवं.

रतन ओव्हाळ, निवृत्त अव्वल कारकून. आयुष्य एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत गेलं. निवृत्तीनंतर येरवड्यात आमच्या घराजवळच्या बागेत पेन्शनरांचा कट्टा आहे, तिथे रोज सकाळी बसायचे. त्या कट्ट्यावर पूर्वी तंबाखू फिरायची, हल्ली गोळ्या फिरतात. प्रत्येकाच्या खिशात आपापली पट्टी. "माझी घेऊन बघा, रतनराव. अहो, मला तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढता येतो." आणि रतनराव घेऊन बघायचे. गुडघ्यासाठी रज्जाकचाचांची एक गोळी, त्याच्यावर आणखी कोणाची तरी एक, असं तेवीस दिवस चाललं. गुडघ्याचं दुखणं खरंच थांबलं. चोविसाव्या दिवशी लघवीही थांबली.

घरात किडनीवर पीएचडी करणारा मुलगा. दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीच्या पेशी कशा जखमी होतात यावर त्याने दोन परिषदांमध्ये पोस्टर लावलेलं. आणि त्याचा बाप तेवीस दिवस त्याच्यासमोर चहाबरोबर गोळी गिळत होता. मी पेपर वाचत असायचो. वर्तमानपत्र नव्हे, किडनीवरचे पेपर.

क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो. किडनी नीट चालली तर तो एकच्या आसपास. बाबांचा चार पूर्णांक आठ झाला. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस काढले, डायलिसिस टळलं, घरी आले तेव्हा तीन पूर्णांक एक. महिन्याने दोन पूर्णांक दोन. किडनीच्या डॉक्टर शेफाली जोगळेकर, त्यांचं शनिवार पेठेत क्लिनिक आहे, त्या मोजकं बोलतात. म्हणाल्या, "उतरतोय. पण तीन महिन्यांनी जिथे थांबेल, तिथेच बहुतेक राहील. एक-दीडवर आला तर उत्तम. दोनच्या वर राहिला तर मग पुढचं बघू." पुढचं काय, ते बाबांनी विचारलं नाही. मला माहीत होतं, मीही सांगितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये सलाईनकडे बघून कंटाळले तेव्हा बाबांनी सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तू नक्की करतोस काय रे?"

तोवर ते कट्ट्यावर "मुलगा किडनीचा मोठा डॉक्टर आहे" एवढंच सांगत. त्यामुळेच कदाचित गोळ्यांबद्दल मला विचारायची गरज त्यांना वाटली नसावी. त्यांच्या मते आमच्या घराला सूट होती.

मी म्हटलं, "बाबा, असं समजा, प्रत्येक पेशीत एक कपाट आहे. त्यात शरीराच्या सगळ्या फायली. डोळ्याच्या, केसांच्या, सगळ्याच. पण किडनीची पेशी रोज कामाच्या तेवढ्याच बाहेर काढते. बाकीच्या कुलपात."

"बरोबर. नाहीतर टेबल पुरायचं नाही."

"जी फाईल कामात आहे तिच्या झेरॉक्स निघत राहतात. आम्ही त्या झेरॉक्स मोजतो."

बाबा उशीवर उठून बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम त्यांना काम वाटलं.

"जखम झाली की," मी म्हटलं, "ती पेशी रोजच्या फायली बंद करते आणि एकदम जुन्या काढते. किडनी आईच्या पोटात तयार होत असतानाच्या. शिवाय एक किम-वन म्हणून फाईल आहे, एरवी धूळ खात पडलेली. तिच्या शेकड्याने झेरॉक्स निघतात."

"म्हणजे जखम झाली की ती लहान होते?"

"हो. लहान होते, वाढते, शेजारच्या मेल्या असतील त्यांची जागा भरते."

"आणि मग परत मोठी कधी होते?"

"जागा भरली की. काही होतात. काही तिथेच अडकतात."

त्या आठवड्यात बाबा स्वतःच विचित्र वागत होते. नर्सकडे चिंचेची गोळी मागायचे. आईचा पदर धरून झोपायचे, जे आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, ज्वारीच्या कण्या कशा शिजवल्या ते रोज नव्याने सांगायचे.

"तुझ्या त्या पोरी," दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यांनाही औषधच बाधलंय ना? मग बंद केलंय ना? माझ्यासारखंच."

"बाबा, ते तुमच्यासारखं नाही. काचेच्या डिशमध्ये आणि माणसात फार..."

"असू दे."

पोरी का, असं मी विचारलं. म्हणाले, "आमच्या शाखेत फाईल वेळेवर पोरीच काढायच्या. पोरं चहाला जायची."

*

तर ज्या सोमवारी मी हाताची घडी घातली, त्याच संध्याकाळी बाबांचा नवा रिपोर्ट आला. दोन पूर्णांक दोन. आदल्या वेळीही दोन पूर्णांक दोनच. आकडा अडकला होता. बाबांनी रिपोर्ट नीट घडी करून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे वळले.

मंगळवारी मी चोवीस डिशचा अंत्यविधी करून संध्याकाळी घरी आलो, तेव्हा ते तसेच होते. ताट झाकलेलं.

"अहो, निदान दोन घास," आई म्हणत होती. "सकाळपासून पोटात काही नाही. कोणावर रुसलात?"

"किडनीवर," भिंत म्हणाली.

मी चप्पल काढली. भिंतीकडूनच आवाज आला, "पोरी कशा आहेत?"

एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यात असे क्षण येतात जेव्हा त्याने सत्य सांगायचं असतं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

बाबा वळले. "म्हणजे किती?"

"किम-वन काल नेहमीच्या पन्नास पट होता. आज पंचेचाळीस."

"उतरतोय?"

"उतरतोय."

ते उठले, हात धुतले आणि ताटावरचं झाकण काढलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे अकरा दिवस खोटं बोलणार हे त्याच क्षणी ठरलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर बाबांनी जुन्या लांबट रजिस्टरवर पट्टीने रेघा मारून ठेवल्या होत्या. तारीख, आवक, जावक, शिल्लक, किम-वन, शेरा. वर ठळक अक्षरात: "विषय: पोरींच्या प्रकृतीबाबत."

"झेरॉक्स मोजायला डिश संपवावी लागते म्हणालास ना? रोज किती संपवतोस?"

"दोन," मी म्हटलं.

"म्हणजे कालच्या नोंदीत आवक चोवीस, जावक दोन. शिल्लक बावीस." लिहिलं. "सही कर."

मी सही केली. मी सहा वर्षांत लॅबच्या वहीत एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. आमच्या गाईड मेहनाज मॅडम खाडाखोड दिसली तरी तीन दिवस बोलत नाहीत. आणि इथे मी रोज संध्याकाळी पावणेआठला, हातपाय न धुता, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आकडे बनवत होतो. आकडेही कसे? पन्नास, पंचेचाळीस, एकेचाळीस, छत्तीस. इस्त्रीच्या घडीसारखी सरळ रेघ. खऱ्या पेशींनी मला असा आलेख कधी दिला नव्हता.

पण बाबा जेवत होते. पोरी पाणी मोजून पितात म्हटल्यावर त्यांनीही पाणी मोजून प्यायला सुरुवात केली. पोरींना लोणचं चालत नाही, असं मी एकदा सहज बोललो, तर त्यांनी बरणी स्वतः उचलून शेजारी नेऊन दिली. रज्जाकचाचा गोळीच्या अपराधामुळे दोन महिने तोंड लपवून होते. त्यांनाही बाबांनी फोन केला: "या हो. सगळ्या पोरी सुधारतायत. तुमच्यावर राग नाही." चाचा आले, दारातच रडले. कसल्या पोरी, ते त्यांनी विचारलं नाही.

लॅबमध्ये मी मॅडमना खरं सांगून टाकलं होतं, दोडक्यासकट. द्रव नायट्रोजनमधून गोठवलेल्या पेशींची नवी कुपी काढून पेशी वाढायला लावल्या होत्या. त्या तयार व्हायला तीन आठवडे तरी हवे होते. तोवर घरचा आलेख पुरवायचा, असं माझं नियोजन. फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती. बाबांची शिल्लक रोज दोनने कमी होत होती.

*

बाराव्या दिवशी, शनिवारी, मी भांडारातून हातमोज्यांचे खोके घेऊन वर आलो. मॅडमच्या खोलीचं दार उघडं. आत टेबलाच्या अलीकडे बाबा बसलेले, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. टेबलावर रजिस्टर. मॅडम चष्मा वर सरकवून वाचतायत.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

"बसने. दोन बदलल्या. उभा राहिलो नाही, जागा मिळाली." मग जरा लाजून, "आज शेवटच्या दोघी ना. म्हटलं एकदा बघून घ्याव्या."

"धम्मदीप, आत ये," मॅडम म्हणाल्या. मेहनाज मॅडम हसल्या की आम्ही घाबरतो. त्या हसत होत्या. "दार लावू नकोस. सगळ्यांना ऐकू दे. हा मुलगा डिश मेल्यावर तोंड पाडून बसला असं मला वाटत होतं, आणि याने दुसरी बॅच गुपचूप चालवली! अकरा दिवसांचा डेटा! आणि बघ, अकराव्या दिवशी किम-वन तीन पट. सावरल्या, जवळजवळ सगळ्या सावरल्या. मला सरप्राईज देणार होतास ना?"

मी खोके खाली ठेवले. एक पायावर पडला.

"मी ग्रुपवर टाकलं," मॅडम म्हणाल्या. "सोनालीला सामोसे सांगितलेत."

"आणि काका, नोंदी काय सुंदर आहेत हो तुमच्या," त्या पुढे म्हणाल्या. "माझ्या एकाही विद्यार्थ्याची वही अशी नाही. हा शेऱ्याचा रकाना तर..." आणि त्यांनी चष्मा खाली घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'दिनांक तीन. पोरी बऱ्या. मुलगा सात पन्नासला आला, थकलेला दिसला. दिनांक पाच. पोरी सुधारत आहेत. मुलगा अर्धी भाकरी टाकून उठला. दिनांक सहा. पोरी उत्तम. मुलाच्या डोळ्याखाली काळं. सौ. हिराला सांगितले. दिनांक आठ. मुलगा आज हसला. पोरींचा आकडाही चांगला.'"

मॅडम थांबल्या. दारात सोनाली येऊन उभी होती, तिच्यामागे आणखी तिघं.

बाबा मान खाली घालून टोपीची शिवण चाचपत होते. "ते आपलं... रकाना रिकामा राहू नये म्हणून."

मी आधी कधी ऐकलाच नव्हता असा माझा आवाज निघाला. "मॅडम, हे खोटं आहे."

"कुठल्या दिवसाचं?"

"सगळ्या."

बाबांनी मान वर केली.

"चोवीस..." ते म्हणाले. "चोवीसही?"

"पहिल्याच दिवशी गेल्या, बाबा."

"कशाने?"

"मी दोडका गरम केला."

त्यांनी यावर विचार केला. "हिराचा?"

"हो."

"मग अकरा दिवस मी कोणाच्या नावाने जेवत होतो रे?"

तेवढ्यात सामोसे आले. चाळीस. पिशवी घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, "अभिनंदन कोणाचं आहे?" सोनालीने माझ्याकडे बोट केलं, मग मागे घेतलं.

मॅडमनी रजिस्टर बंद केलं आणि दोन्ही हातांनी बाबांना दिलं. मग माझ्याकडे वळल्या. "हा डेटा तू इथे दिला असतास ना, तर आज तुझं टेबल रिकामं झालं असतं. घरी दिलास. म्हणून मी फक्त ग्रुपवर 'चूक झाली' असं टाकते आणि तुझं नाव घेत नाही. सगळ्यांना कळेलच." मग बाबांना, एकदम वेगळ्या आवाजात, "काका, तुम्हाला सामोसा चालत नसेल."

"नाही," बाबा म्हणाले. "पोरींनाही..." आणि थांबले.

आम्ही सगळे हातात एकेक गरम सामोसा धरून उभे होतो आणि पहिला घास कोणी घ्यायचा हे कोणाला कळत नव्हतं.

*

रिक्षाने घरी आलो. घरी आल्यावर त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ पट्टीने खोडली. प्रत्येक ओळीपुढे "नोंद चुकीची, रद्द", खाली स्वतःची सही, आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवून, "कर." मीही केली. अकरा ओळी, अकरा सह्या. फक्त शेऱ्याचा रकाना त्यांनी खोडला नाही. मी तिकडे बोट दाखवलं.

"तो खरा आहे," ते म्हणाले. "तू अर्धी भाकरी टाकलीच होतीस."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं का दोघांचं ऑफिस? पानं घेतलीयेत."

कोणी उठलं नाही. मला त्या अडकलेल्या आकड्याशिवाय काही दिसत नव्हतं. आता हे पुन्हा भिंतीकडे वळणार, पाणी मोजणं सोडणार, आणि तीन महिन्यांनी आकडा जिथे थांबेल तिथे तो माझ्यामुळे थांबलेला असेल.

"बाबा, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं," ते म्हणाले. "नव्या पोरी कधी तयार?"

"दहा दिवस."

"त्यांचं खरं सांगशील?"

"हो."

"वाईट असलं तरी?"

मी रजिस्टर बंद केलं. "हो."

"मग वाढ गं, हिरा."

*

नव्या पोरी इमानदार निघाल्या, म्हणजे कोणाचंच ऐकेनात. औषध काढल्यावर पहिल्या दिवशी किम-वन तीस पट. दुसऱ्या दिवशी उतरायच्या ऐवजी साठ. मी पावणेआठला दारात उभा राहून तो आकडा सांगितला. बाबांनी लिहिलं. साठ. चौथ्या दिवशी पंचावन्न. पाचव्या दिवशी पुन्हा साठ.

"बालवाडीत आहेत अजून," बाबा म्हणाले आणि ताटावर बसले.

मला वाटलं होतं वाईट आकड्यांनी त्यांचा घास अडकेल. उलट ते निवांत झाले. माझा चेहरा बघायचे, मग रजिस्टरकडे बघायचे, दोन्ही जुळलं की समाधानाने पेनाला टोपण लावायचे. सातव्या दिवसानंतर आकडा खरंच उतरू लागला, पण आडवातिडवा, दारू प्यायलेल्या माणसासारखा. बाराव्या दिवशी शेवटच्या दोन डिश मोजायच्या होत्या, तेव्हा बाबा रीतसर परवानगी घेऊन लॅबमध्ये आले. मॅडमनी स्वतः त्यांना मायक्रोस्कोपशी बसवलं.

ते खूप वेळ बघत राहिले. "फरसबंदीसारख्या दिसतायत. एकीला एक लागून."

"जागा भरलीये, काका," मॅडम म्हणाल्या.

"आणि ह्या कडेच्या? लांबट?"

"त्या अडकल्यात."

"का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माहीत नाही, बाबा. अजून कोणालाच नीट माहीत नाही."

त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. शेऱ्यात लिहिलं: "बहुतेक पोरी मोठ्या झाल्या. काही अडकल्या. कारण माहीत नाही (जगात)." मग पुन्हा डोळा लावला आणि त्या कडेच्या लांबट पेशींकडे बघत राहिले. हळूच काहीतरी पुटपुटले. सोनाली नंतर म्हणाली, "सावकाश या, घाई नाही," असं म्हणाले.

*

तीन महिने पूर्ण झाले त्या गुरुवारी आम्ही शनिवार पेठेत गेलो. आधी मंडईत थांबून आईने सांगितलेले दोन मोठे दुधी घेतले, कारण आई म्हणाली होती की रिपोर्ट काहीही येवो, रात्री जेवायला लागणारच आहे. डॉक्टर शेफालींच्या दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. आत सगळे चिडीचूप, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. आमचा नंबर आला तेव्हा बाबांनी माझा दंड धरला होता. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी आणून दिलं नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिला. पुन्हा पाहिला. आधीचे रिपोर्ट काढून शेजारी मांडले.

"एक पूर्णांक चार."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं.

"म्हणजे बरं झालं. पूर्वीइतकं नाही, थोडा डाग राहिला. पण यावर तुम्ही वीस वर्षं काढाल. दुखण्याची गोळी आयुष्यात घ्यायची नाही. चिमूटभर मीठ चालेल. सहा महिन्यांनी या."

"चिमूटभर कोणाची?" बाबांनी विचारलं. "माझी की हिराची?"

"नेक्स्ट," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आलो. मला काय करावं कळेना. मी बूट न शोधता पायात सापडेल ते सरकवलं, ते माझेच निघाले. दुधीची पिशवी स्कूटरवर मागे ठेवून तिचे बंद कड्याला करकचून बांधले, हेल्मेट घातलं. येरवड्याला जाताना हेल्मेट घातलं, हे पुण्यात कोणाला पटणार नाही, पण घातलं, कारण डोळे भरून आले होते आणि काच खाली घेता येत होती. स्कूटर सुरू केली.

"बाबा, बसलात?"

मागे काहीतरी हललं. मी निघालो.

जुन्या बाजाराच्या चौकात मी बोलायला सुरुवात केली. असं समोर बसून मला बोलता येत नाही, आमच्या घरात कोणालाच येत नाही, म्हणून स्कूटरच बरी. मी म्हटलं, बाबा, ते तेवीस दिवस मी समोर बसलेलो असताना मला दिसलं नाही, ते मला रोज दिसतं. आरटीओच्या सिग्नलला मी म्हटलं, ते अकरा दिवस मी खोटं बोललो त्याचं वाईट वाटतं, पण तुम्ही जेवत होता त्याचं वाटत नाही. स्टेशनच्या पुढे मी म्हटलं, तुम्ही माझ्या पोरींची चौकशी करत होता आणि लिहीत माझ्याबद्दल होता, हे मी कोणालाही सांगणार नाही, पण विसरणारही नाही. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांचंही मन भरून आलं असेल. मी वेग कमी केला.

बंडगार्डनच्या पुलावर फोन वाजला. गाडी कडेला घेतली. बाबांचा होता.

"कुठे आहेस तू?" बाबा म्हणाले. "माझा एक बूट सापडत नाहीये. खाली वाकलो, वर पाहिलं तर तू नाहीस."

ते शनिवार पेठेतच होते. मागच्या सीटवर अडीच किलो दुधी होता.